सेंट ट्रोपेजला आईबाबांना घेऊन जावं का? बोटी बघायच्यात

कळव्याची_चिमणी

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं, भाऊ स्टुटगार्टला असतो, सप्टेंबरच्या शेवटी आईबाबांना घेऊन मी त्याच्याकडे चाललेय, व्हिसा झालाय, विमानाची तिकिटं झालीत, आणि मधले पाच दिवस असे आहेत की भाऊ कामात आणि आम्ही तिघं मोकळे. आईला विचारलं तर ती म्हणाली मला काय, न्याल तिकडे येईन, फक्त जिने नकोत. बाबांना विचारलं तर बाबा म्हणाले सेंट ट्रोपेज. मी दोनदा विचारलं, कुठे? तर तेच. अहो ज्या माणसाने लग्नाला 38 वर्षं झाली तरी महाबळेश्वरच्या पुढे कशाचं नाव काढलं नाही त्याने एकदम फ्रान्सचा समुद्रकिनारा काढला, आम्ही सगळे गार.

बाबा माझगाव डॉकला फिटर होते, 31 वर्षं नोकरी, रिटायर होऊन आठ वर्षं झाली, आता दिवसभर यूट्यूबवर बोटी बघतात. युद्धनौका नव्हेत, त्या श्रीमंत लोकांच्या पांढऱ्या बोटी. म्हणतात आम्ही बांधली ती कामाची जहाजं, ह्यांचं फिनिशिंग बघ, आरसा आहे आरसा, हे एकदा जवळनं बघायचंय.

आता माझे प्रश्न. गुगलवर स्टेशनच दिसत नाही, मग जायचं कसं? हॉटेलचे दर बघून मी लॅपटॉप मिटला, तर राहायचं कुठे? आई शाकाहारी, अंडंही चालत नाही, आणि तिचे गुडघे जेमतेम. आम्ही साधी माणसं, तिथे सगळे सिनेमानटांसारखे लोक, आपल्याला कुणी वेगळ्या नजरेने बघतं का? आणि एक जरा संकोचाचा प्रश्न, तिकडच्या बीचवर म्हणे कपड्यांचा फार आग्रह नसतो, आईबाबांबरोबर असताना काय करायचं, तोंड कुठे लपवायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ल्योंचा_गोट्या

ताई, आधी उच्चार. शेवटचा झेड गिळून टाका, सें-त्रोपे म्हणा, नाहीतर बसवाल्याला कळणार नाही :)

मी नऊ वर्षं फ्रान्समधल्या ल्यों शहरात आहे, तिकडे चार वेळा गेलोय, त्यातलं एकदा चुकीच्या वेळी. स्टेशन दिसत नाही कारण स्टेशन नाहीच. एका द्वीपकल्पाच्या कुशीतलं छोटं कोळ्यांचं गाव आहे ते, वर्षभर राहणारी माणसं जेमतेम चार हजारांच्या घरात असतील. जवळचं मोठं स्टेशन सें-राफाएल, तिथून साधारण 40 किलोमीटर. नीस (Nice) शहराहून सें-राफाएलला ट्रेनने तासभर लागतो, आणि जाताना डाव्या बाजूला बसा, कान (Cannes) हे शहर मागे पडलं की एस्तेरेलच्या डोंगरांचे लाल खडक सुरू होतात, लाल म्हणजे आपल्या जांभ्यासारखे लाल, आणि खाली निळंशार पाणी, मी दर वेळी मोबाईल बाजूला ठेवतो तिथे.

सें-राफाएलहून किनाऱ्याकिनाऱ्याने बस आहे, ती थेट सें-त्रोपेला जाते, पण तुम्ही थेट जाऊ नका. अलीकडे सेंत-माक्सिम नावाचं गाव लागतं, अगदी समोरासमोर, मधे फक्त खाडीसारखी आखाताची जागा. तिथे उतरा, तिथून फेरीबोट, पंधरा मिनिटांत पलीकडे. एलिफंटाच्या लाँचला तासभर लागतो तर हे म्हणजे काहीच नाही. आणि मुख्य म्हणजे ते गाव पाण्यावरनंच बघायचं असतं, पिवळ्या-केशरी भिंतींची घरं, तो एक घड्याळाचा उंच मनोरा, वर टेकडीवर किल्ला, सगळं हळूहळू जवळ येतं. रस्त्याने गेलात तर आधी पार्किंग दिसतं.

राहायलाही सेंत-माक्सिम किंवा सें-राफाएलच बघा, सें-त्रोपेत राहायचा हट्ट करू नका, आपल्यासारख्यांनी तिथे झोपण्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. दोन दिवस जाऊन या, सकाळी जा, संध्याकाळी परत. शेवटची बोट किती वाजता हे धक्क्यावरच बघून ठेवा, मोसमाप्रमाणे बदलतं.

जायचा वार मंगळवार किंवा शनिवार. प्लास दे लीस नावाचं मैदान आहे, मोठमोठी झाडं, त्याखाली ह्या दोन दिवशी सकाळचा बाजार भरतो, ऑलिव्ह, चीज, टोपल्या, सुती कापड. दुपारी बाजार उठला की त्याच धुळीत म्हातारे लोखंडी गोळे फेकत पेतांक खेळतात. एक छोटा लाकडी गोळा आधी टाकतात, त्याला ते डुकराचं पिल्लू म्हणतात, आणि त्याच्या जास्तीत जास्त जवळ कुणाचा गोळा जातो ते बघायचं, थोडक्यात मोठ्या माणसांच्या गोट्या. बसायला बाकं आहेत, आईंचे गुडघे खूश.

कपड्यांचं म्हणाल तर तो प्रसिद्ध बीच म्हणजे पांपलोन, आणि तो सें-त्रोपेत नाहीच, शेजारच्या रामात्युएल गावाच्या हद्दीत आहे, पाच-एक किलोमीटर लांब वाळू. तिथे कुणी काही घालतं, कुणी घालत नाही, कुणी कुणाकडे बघत नाही. गावात धक्क्यावर सगळे पूर्ण कपड्यात असतात, उलट जरा जास्तच. तुम्हाला बीचवर जायचंच नाहीये, बोटी बघायच्यात, मग प्रश्नच मिटला.

खवचट_खान्देशी

आमचा अनुभव ऐका आणि मग काय ते ठरवा.

आम्ही गेलो ऑगस्टमध्ये, भाड्याची गाडी घेऊन, मी, बायको, दोन पोरं आणि मेहुणा. त्या द्वीपकल्पात शिरायला म्हणायला दोन-तीन रस्ते पण सगळे येऊन मिळतात ला फू नावाच्या एका चौकात, त्या चौकात आम्ही इतका वेळ होतो की पोराने मागच्या सीटवर अख्खा एक सिनेमा बघितला. आमच्या शेजारी एक लाल फेरारी, तीही उभी. मेहुणा म्हणाला दाजी बघा, दोन कोटीची गाडी आणि आपली, स्पीड सेम. तेवढाच काय तो आनंद.

पोचल्यावर धक्क्यावर एका कॅफेत दोन कॉफ्या आणि पोरांना दोन ज्यूस घेतले, बिल बघून मेहुण्याने ते घडी घालून पाकिटात ठेवलं, म्हणाला घरी फ्रेम करतो. (कॅफेचं नाव सांगत नाही, सगळेच तसे.) बोटी म्हणाल तर हो, आहेत, पण बघायचं काय त्यात? माणसं डेकवर बसून जेवतायत आणि खाली शंभर माणसं उभी राहून त्यांचं ताट बघतायत. मला तर लग्नात बिनबोलावता गेल्यासारखं झालं.

माझं मत, नीसला राहा, समुद्राकाठी सात किलोमीटरचा सरळ सपाट रस्ता आहे फिरायला, ट्राम आहे, म्हाताऱ्या माणसांना सोपं. सें-त्रोपे फक्त नावाला मोठं. हलके घ्या, पण मनापासून सांगतोय.

ल्योंचा_गोट्या

खान्देशी साहेब, ऑगस्टमध्ये गाडी घेऊन गेलात म्हणजे गणपती विसर्जनाला लालबागला रिक्षा घेऊन गेल्यासारखं झालं. त्यात गावाचा काय दोष :)

इंजिनरूम_वसई

धागा बघून राहवलं नाही, लॉगिन पासवर्ड विसरलेलो, नवीन घेतला. मी वसईचा, अकरा वर्षं यॉटवर इंजिनिअर आहे, उन्हाळाभर हाच पट्टा, आमचं घर म्हणजे नीसजवळचं आंतिब गाव, तिथे सगळे यॉटवाले क्रू राहतात. खान्देशी भाऊ म्हणतात बघायचं काय, तर काकांना काय बघायचंय ते मला बरोबर कळलंय.

ताई, काकांना हे सांगा. सें-त्रोपेच्या जुन्या बंदरात बोटी उलट्या लावतात, म्हणजे नाक समुद्राकडे आणि मागची बाजू धक्क्याला, अगदी हातभर अंतरावर. म्हणून तर ती जेवणारी माणसं दिसतात. पण काकांनी माणसांकडे बघू नये, मागच्या पट्टीकडे, दोरांच्या खुंट्यांकडे, फळीपुलाच्या (बोटीवर चढायच्या फळीच्या) बिजागऱ्यांकडे बघावं, डॉकवाल्याला तिथे दोन तास कमी पडतील. हात मात्र लावू नका हां. आम्ही रोज सकाळी गोड्या पाण्याने अख्खी बोट धुतो आणि मऊ कातड्याने पुसतो, खारं पाणी वाळून डाग पडू नये म्हणून, आणि मग कुणीतरी बोटं उमटवतं, तेव्हा डेकवरची पोरं मनात काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

आरशाचं गुपित पण सांगतो. मोठ्या बोटींचं खालचं अंग बहुतेक करून स्टीलचं आणि वरचे मजले ॲल्युमिनियमचे. स्टीलचं वेल्डिंग केलं की पत्रा ओढतोच, माझगावला काय आणि इटलीत काय, लोखंड तेच. युद्धनौकेवर ते तसंच दिसतं, उन्हात बघितलं तर बरगड्या मोजता येतात. यॉटवर त्याच्यावर पुट्टीचे थर चढवतात, मग लांब फळीला पॉलिश पेपर लावून दोन-दोन माणसं ती घासतात, परत पुट्टी, परत घासणं, महिनेच्या महिने, आणि मग रंग. म्हणजे आरसा आहे तो पुट्टीचा आहे, लोखंडाचा नाही. काका खूश होतील ऐकून.

आणखी एक, प्रत्येक बोटीच्या फळीपुलापाशी धक्क्यावर एक टोपली ठेवलेली असते, त्यात चपला-बूट. डेक सागवानी, त्यावर पादत्राणं चालत नाहीत, मालक असो की पाहुणा, अनवाणी. देवळासारखं. मी नवीन होतो तेव्हा मला फार हसू यायचं त्याचं.

सगळ्यात मोठ्या बोटी मात्र जुन्या बंदरात मावत नाहीत, त्या बाहेर आखातात नांगर टाकून असतात आणि छोट्या बोटीने माणसं ये-जा करतात. त्या जवळून बघायच्या तर आंतिबला या, तिथलं बंदर पोर व्होबां, जुन्या गावाच्या तटावरून खाली अख्खा काफिला दिसतो, अब्जाधीशांचा धक्का असंच म्हणतात त्या भागाला. नीसहून ट्रेनने अर्धा तासही लागत नाही.

आणि हो, तारखा नीट बघा! सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला, म्हणजे शिडांच्या बोटींची शर्यत, ले व्हॉल द सें-त्रोपे. 1981 मध्ये इक्रा आणि प्राइड नावाच्या दोन बोटींनी आपापसात पैज लावली, हरणाऱ्याने पांपलोनच्या क्लबात जेवण द्यायचं, तिथून हे सुरू झालं. मधे 1995 साली एक जीवघेणी टक्कर झाली म्हणून बंद पडलं, 1999 ला नव्या नावाने पुन्हा चालू. शंभर-शंभर वर्षांच्या लाकडी बोटी येतात, वार्निश केलेल्या, पितळ चमकवलेलं, सगळ्या एका वेळी जुन्या बंदरात. त्या आठवड्यात इंजिनवाल्यांना तिथे मान नाही, मी स्वतः अनुभवलंय.

खवचट_खान्देशी

म्हणजे गर्दीच्या आठवड्यात चाललेत. शाब्बास.

इंजिनरूम_वसई

भाऊ, डॉकच्या माणसाला ती गर्दी चालेल. पंढरीला गर्दी आहे म्हणून वारकरी घरी बसतो का.

पानिपतचा_पाव्हणा

थोडं अवांतर, पण सगळ्यांनी बोटीच बघितल्यात आणि बोटींच्या समोर उभा असलेला माणूस कुणी बघितला नाही.

सें-त्रोपेच्या धक्क्यावर मधोमध एक ब्राँझचा पुतळा आहे. बहुतेक लोक त्याच्याखाली उभं राहून आइस्क्रीम खातात. तो बायी द सुफ्रेन, फ्रेंच ॲडमिरल, त्याचं घराणं ह्या गावाचं वतनदार. चिमणीताई, तुमच्या बाबांना सांगा की ह्या माणसाने आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावर आणि श्रीलंकेजवळ इंग्रजांच्या आरमाराशी पाठोपाठ पाच लढाया केल्या, 1782 च्या फेब्रुवारीपासून 1783 च्या जूनपर्यंत, सद्रास, प्रोविडियन, नागपट्टणम, त्रिंकोमाली, कडलूर. मास्ट (डोलकाठ्या) मोडले, दोर तुटले, तरी दुरुस्तीला धड गोदी नाही, लाकूड नाही, एका बोटीचं सामान काढून दुसरीला जोडायचं असं करत माणूस टिकून राहिला. डॉकवाल्याला हे भिडेल म्हणून मुद्दाम सांगतोय. त्रिंकोमालीचं बंदर त्याने घेतलं ते त्यासाठीच, जहाजांना आडोसा हवा म्हणून.

आता आपल्याकडे त्याच वेळी काय चाललं होतं? नाना फडणीसांनी इंग्रजांविरुद्ध हैदर, निजाम, नागपूरकर असं सगळ्यांना एका दोरीत बांधायचा घाट घातला होता, 1782 च्या मे महिन्यात सालबाईचा तह झाला, आणि तहानंतर दोनच महिन्यांनी हा सुफ्रेन कडलूरला हैदरअलीला भेटला. म्हणजे मराठे लढाईतून बाजूला होत होते तेव्हा हा नुकता आत शिरला होता. दोन वर्षं आधी आला असता तर, असं माझ्या मनात दर वेळी येतं, पण जर-तरला इतिहासात काही किंमत नाही.

अजून एक. ज्यां-फ्रांस्वा अलार, जन्म 1785, सें-त्रोपे. नेपोलियनच्या घोडदळातला, वॉटर्लूनंतर बेकार झाला, इराणमार्गे 1822 मध्ये लाहोरला पोचला आणि महाराजा रणजितसिंगांचा सेनापती झाला. चंब्याच्या बन्नू पानदेईशी लग्न केलं, पुढे तिला आणि मुलांना घेऊन गावी आला, घर बांधलं, आणि स्वतः परत लाहोरला निघून गेला. 1839 ला पेशावरला वारला. ती मात्र सें-त्रोपेतच राहिली, 1884 पर्यंत, म्हणजे नवऱ्यानंतर 45 वर्षं त्या कोळ्यांच्या गावात एक हिमाचली बाई. ते घर आज महागडं हॉटेल आहे, नावही तिचंच, पानदेई. गावात रणजितसिंग, अलार आणि पानदेई तिघांचे अर्धपुतळे आहेत, विचारत विचारत जा, सापडतील.

नट्या वगैरे सगळं 1956 नंतरचं. ती ब्रिजित बार्दो नावाच्या नटीची फिल्म तिथे झाली आणि मग गाव गावाचं राहिलं नाही. त्याच्याआधी चित्रकार होते, पॉल सिन्याक 1892 मध्ये स्वतःची बोट घेऊन आला आणि राहिलाच, त्याच्याकडे 1904 च्या उन्हाळ्यात मातिस येऊन गेला. धक्क्याजवळच जुन्या चॅपेलमध्ये त्यांच्या चित्रांचं म्युझियम आहे, आनोंसियाद. ऊन लागलं तर आईंना तिथे बसवा.

फोडणीवाली_आत्या

अगं चिमणे, खाण्याचं कुणी बोललंच नाही, सगळे बोटी आणि लढाया घेऊन बसलेत.

मी दोन वर्षांपूर्वी नणंदेबरोबर त्या भागात दहा दिवस होते, आम्ही दोघी शाकाहारी, नणंद तर चातुर्मास पाळणारी. उपाशी मेलो नाही. नीसला सोक्का मिळतो तो आईला नक्की खायला घाल, हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात, वर मिरपूड. आपलं बेसनाचं धिरडंच ते, फक्त हळद-मिरची विसरलेलं. मी पर्समधून लाल तिखट काढलं, नणंद म्हणाली लाज आण, आणि मग तिनेही मागितलं.

रातातुई चालतं, वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरची. पण सलाद निस्वाझ नुसतं सॅलड म्हणून मागवू नका, त्यात मासे आणि अंडं असतं. कांद्याचा पिझ्झ्यासारखा पिसालादियेर दिसतो निरागस पण त्यात खारवलेली मासळी. आणि सें-त्रोपेला सगळे ती तार्त त्रोपेझिएन खा म्हणतील, साखरेचे दाणे लावलेला गोल मऊ पाव आणि मधे क्रीम, 1955 मध्ये मिका नावाच्या पोलिश बेकरीवाल्याने सुरू केलेली, बार्दोने नाव सुचवलं म्हणतात. पावातही अंडं आणि क्रीममध्येही अंडं, आईसाठी नाही, तू आणि बाबा खा.

हॉटेलात बसलात की पाण्याची बाटली घेऊ नका, काराफ दो म्हणा, नळाचं पाणी फुकट देतात, द्यावंच लागतं. दुपारी दोन-अडीचच्या पुढे किचन बंद, मग सातपर्यंत कुणी विचारत नाही. आणि कुठल्याही दुकानात शिरताना आधी बोंजूर, नाहीतर तोंड वाकडं करतात. सप्टेंबरात अंजिरं येतात तिकडे, ओली, जांभळी, भरपूर खा.

कळव्याची_चिमणी

अरे बापरे, एवढं सगळं! मंडळी, मनापासून धन्यवाद. बाबांना इंजिनरूम दादांचा प्रतिसाद वाचून दाखवला, पुट्टीचं ऐकून ते उठून गॅलरीत गेले, पाच मिनिटांनी आत येऊन म्हणाले, मला वाटलंच होतं. सेंत-माक्सिमला खोली बघतेय. शर्यतीमुळे तिथेही दर वाढलेत पण परवडतंय. येऊन कळवते.

कळव्याची_चिमणी

मंडळी, आलो! चार दिवस झाले, जेट लॅग आणि धुणी आवरली, आता सांगते.

गोट्या म्हणाले तसंच केलं, ट्रेन, बस, सेंत-माक्सिम, फेरीबोट. पहिल्या दिवशी मंगळवार गाठला. बोट निघाली आणि बाबा एकदम गप्प. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाले पंधरा मिनिटं बोलू नको. समोरून शिडं येत होती, किती ते मोजलं नाही, पांढरी, तांबूस, एक तर काळी, वाऱ्याने एका अंगावर इतकी झुकलेली की आई म्हणाली आता उलटणार, आणि उलटत कुणीच नव्हतं.

धक्क्यावर आईला चपलांची टोपली दिसली आणि तिथून पुढे तिला गाव आपलंसं वाटायला लागलं. प्रत्येक बोटीपाशी थांबून टोपलीत डोकवायची. एका टोपलीत सोनेरी सँडल आणि बाजूला झिजलेली रबरी स्लीपर, तिने मला खुणेने दाखवलं. वेगळ्या नजरेने कुणी बघितलं का, तर छे, आमच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता, सगळे बोटींकडेच बघत होते.

बाजारात आईने ऑलिव्हचा भाव विचारला, पटला नाही, पुढे गेली, परत आली, पुन्हा विचारला, मग घेतले. भाषा येत नसताना तिने घासाघीस कशी केली ते मला अजून कळलेलं नाही. झाडाखाली बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, समोर म्हाताऱ्यांचा डाव रंगला होता. शेजारच्या आजोबांना आईने दशमी दिली, त्यांनी खाल्ली, चटणी मात्र चाखून जोरात बों, म्हणजे छान, म्हणाले आणि पाणी प्यायले.

वर किल्ल्यावर मी आणि बाबाच गेलो, आई म्युझियममध्ये बसली. किल्ल्याभोवती मोर आहेत हो! खरेखुरे मोर, ओरडत होते. कुणी सांगितलंच नव्हतं. वरून खाली दर्यावर्दींचं स्मशान दिसतं, समुद्राला लागून, पांढऱ्या समाध्या. सुफ्रेनचा पुतळा बघितला, आइस्क्रीम खाल्लं नाही, पाव्हणेसाहेबांची शपथ. पानदेईचा अर्धपुतळा शोधायला मात्र चाळीस मिनिटं आणि तीन माणसं लागली. आईने तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, हिला इथली थंडी चालली असेल, पण बोलायची कुणाशी गं ही.

चामड्याच्या सँडलचं एक दुकान आहे, 1927 पासूनचं. बाबांनी एक जोड उचलला, तळ बघितला, शिवण बघितली, परत ठेवला, बाहेर येऊन म्हणाले काम चांगलं आहे पण कोल्हापुरात ह्याच्या दहाव्या हिश्शात येईल.

आणि खान्देशी दादा, तुम्ही म्हणालात ते खरंय, संध्याकाळी बोटींवर लोक जेवतात आणि खाली लोक बघतात. बाबाही बघत होते. पण त्यांची पाठ जेवणाऱ्यांकडे होती, ते शेजारच्या बोटीचं अंग बघत होते. ऊन उतरलं होतं, पाण्याचं प्रतिबिंब त्या पांढऱ्या रंगावर हलत होतं, आणि बाबा मान एकदा इकडे एकदा तिकडे करून मला म्हणाले, तो बघ, तिसऱ्या खिडकीच्या खाली, तिथे बसलेली नाही पुट्टी, पत्रा ओढलाय. मला काही दिसेना. त्यांनी मला खांद्याला धरून दोन पावलं डावीकडे सरकवलं आणि मग दिसलं, प्रतिबिंबाची रेघ एका जागी वाकडी होत होती, एवढीशी.

आंतिबलाही जाऊन आलो, पण त्याबद्दल नंतर लिहीन. इंजिनरूम दादा, तुम्ही त्या दिवसांत समुद्रावर होतात म्हणून भेट झाली नाही, आईने तुमच्यासाठी चकल्या आणल्या होत्या, त्या शेवटी भावाने संपवल्या.

इंजिनरूम_वसई

चकल्यांचं वाईट वाटलं.

ताई, त्या बोटीचं नाव इथे लिहू नका पण मला निरोपात पाठवा. आणि काकांना विचारा, ती वाकडी रेघ उभी होती की आडवी? उभी असेल तर आत बरगडी आहे तिथे वेल्डिंग जास्त झालंय. आडवी असेल तर दोन पत्र्यांचा सांधा.

कळव्याची_चिमणी

विचारलं. म्हणाले उभी. आणि म्हणाले त्यांना सांग, बरगडीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वेल्ड मारला असता तर झालं नसतं.

फोडणीवाली_आत्या

फोटो कुठेत?

कळव्याची_चिमणी

बाबांच्या मोबाईलमध्ये 214 आहेत आत्या. सगळे खुंट्या, दोर आणि बिजागऱ्यांचे. आई एका फोटोत आहे, तीही अर्धी, कारण तिच्या मागे बोटीचा पंखा (प्रोपेलर) होता.